नागपूर ते कन्याकुमारी एकटीने: मधेच वाट वाकडी करावी का?

लिंबोणी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत मी एकटी गाडीने नागपूरहून कन्याकुमारीला जाणार आहे. चौदा दिवसांची रजा मिळाली, गाडी सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, आत्ताच सर्व्हिसिंग करून चारही टायर बदललेत. एकटीने पुण्याला पाच-सहा वेळा गेलेय, जबलपूर, रायपूर, पचमढी तर नेहमीचंच, त्यामुळे चालवायची भीती नाही. रस्ताही साधा, घरून निघायचं, एनएच ४४ पकडायचा आणि समुद्र लागेपर्यंत सोडायचा नाही.

पण घोडं तिथेच अडलंय. हा रस्ता म्हणजे आमच्या घरातला जुना सात नंबर, आधी याला एनएच ७ म्हणायचे. बाबा सव्वीस वर्षं ट्रकवर होते, सीझनला संत्र्याचा माल घेऊन हैदराबाद, बंगलोर, कधी थेट मदुराईपर्यंत जायचे. लहानपणी रात्री झोपताना गावांची नावं सांगायचे, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, मग हैदराबाद, कर्नूल, डोन, गुत्ती, अनंतपूर, आणि मला ती पाढ्यासारखी पाठ झालीत. आता ते ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे तीन तासांच्या वर गाडीत बसवत नाही, नाहीतर सोबतच नेलं असतं. परवा विचारलं, बाबा यातलं तुम्ही पाहिलं काय काय, तर म्हणाले रस्ता पाहिला. माल नासायच्या आत पोचायचं असायचं, थांबायचं ते डिझेल, जेवण आणि पंक्चरसाठी. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, गुत्तीजवळ पहाटे एक मोठा उघडाबोडका डोंगर दिसायचा, वर किल्ला, दर खेपेला वाटायचं एकदा चढून यावं, पण ट्रक कुठे लावणार आणि माल कोणाच्या भरवशावर सोडणार.

तेव्हापासून माझं सरळ जाण्यात मन लागेना. एक्सेलमध्ये सगळं मांडून ठेवलं होतं, रोज साडेचारशे-पाचशे किलोमीटर, रोजचं हॉटेल, जाताना चार दिवस, येताना चार, मधले सहा कन्याकुमारी आणि आसपास. भाऊ म्हणतो तेच ठेव, एकटी बाईमाणूस आहेस, हायवे सोडून आत शिरायचं नाही. मैत्रीण म्हणते काहीच बुक करू नको, वाटेल तिथे वळ. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि पूर्ण कोणाचंच पटत नाही.

तर ज्यांनी असे लांबचे रस्ते एकट्याने केलेत त्यांना विचारायचंय की न ठरवलेला फाटा घ्यायचा हे ऐनवेळी कसं ठरवता, किती आत जायचं, कुठे नाही म्हणायचं, आणि बुकिंगचं काय करता? गुत्तीला कोणी गेलंय का?

जाम_चौरस्ता

ताई, मी हिंगणघाटचा, हैदराबादपर्यंतचा रस्ता माझा पायाखालचा आणि बंगलोरपर्यंत चारदा झालाय, त्यातला दोनदा एकट्याने. तुमचं एक्सेल फाडू नका, फक्त सैल करा. रोजचे पाचशे लावलेत ना, तिथेच सगळं संपलं, मग पाटी दिसली तरी पाय ब्रेकवर जात नाही कारण डोक्यात पुढचे दोनशे चाळीस मोजणं चालू असतं. पहिला दिवस लांब ठेवा कारण तो भाग आपल्या ओळखीचा आहे, हैदराबादच्या अलीकडे मेडचलला आउटर रिंग रोड लागतो, तो पकडून शमशाबादच्या बाजूला उतरलं की शहरात शिरायचं काम नाही. त्यानंतर रोज तीनशे-साडेतीनशेच धरा. कन्याकुमारीचे सहा दिवस कमी करून तीन करा आणि उरलेले तीन वाटेला द्या.

बुकिंग मी फक्त दोनच करतो, पहिल्या रात्रीचं आणि शेवटच्या टोकाचं. मधलं दुपारी जेवताना फोनवर ठरवायचं. कर्नूल, अनंतपूर, सेलम, दिंडिगल ही सगळी मोठी गावं आहेत, आणि फेब्रुवारीत पोंगलची गर्दी ओसरलेली असते, खोली मिळते. महिना चांगला निवडलात. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत त्यांचा खरा पावसाळा असतो, आपले लोक दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि भिजून येतात.

आणखी एक. तुम्ही त्याच रस्त्याने परत येणार आहात, म्हणजे हुकलेला प्रत्येक फाटा परत एकदा समोर येणार आहे. मी गाडीत एक छोटी वही ठेवतो, जाताना पाटी दिसली की चहाला थांबल्यावर लिहून ठेवतो, येताना बघतो. त्यामुळे सुटलं सुटलं असं होत नाही आणि जाताना जीव शांत राहतो.

आता कुठे वळायचं. आदिलाबाद सोडल्यावर नेरेडिगोंड्याजवळ कुंटाला धबधब्याची पाटी दिसेल, वळू नका, फेब्रुवारीत पाणी बेताचंच असतं, ते पावसाळ्यातलं काम आहे. निर्मलला मात्र अर्धा तास थांबा, तिथली लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, हलक्या लाकडाची फळं करतात, सीताफळ हातात घेतल्यावर वजन लागत नाही म्हणून कळतं की लाकडाचं आहे.

आणि कर्नूलच्या थोडं अलीकडे आलमपूर चौरस्ता लागतो, तिथून डावीकडे दहा-पंधरा किलोमीटरवर आलमपूर. मी पहिल्यांदा तिथे वळलो ते केवळ झोप येत होती म्हणून, म्हटलं नदीकाठी तोंड धुवून येऊ. तुंगभद्रेच्या काठावर सातव्या-आठव्या शतकातली बदामीच्या चालुक्यांची नवब्रह्म मंदिरं आहेत. नाव ब्रह्माचं पण सगळी शंकराची, आणि तेलुगू मुलखात उभी असूनही शिखरं उत्तरेकडच्या घाटाची, कमानदार वर निमुळती होत गेलेली. शेजारी जोगुळांबेचं शक्तिपीठ. गावात संगमेश्वराचं देऊळ आहे ते मूळचं तिथलं नाही, श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं म्हणून दगड दगड सुटा करून इथे आणून परत बांधलंय. मी तासाभरासाठी गेलो होतो, सूर्य बुडेपर्यंत भिंतीवरच्या जाळ्या बघत बसलो आणि रात्री कर्नूलला मुक्काम केला. झोप कुठल्या कुठे गेली होती.

कर्नूल-अनंतपूर पट्ट्यात सकाळी टिफिन सेंटरवर उग्गाणी मागा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची असते, सोबत मिरचीची भजी. मराठवाड्यातली सुशीला खाल्ली असेल तर पहिल्या घासाला ओळख पटेल.

दप्तरखाना

गुत्तीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. लिंबोणीताई, तुमच्या बाबांना सांगा की ज्या डोंगराकडे ते सव्वीस वर्षं काचेतून बघत होते तो मराठ्यांचा किल्ला होता.

गुत्ती हे मुरारराव घोरपड्यांचं ठाणं. आणि तुम्ही नागपूरच्या म्हणून मुद्दाम सांगतो, ही गोष्ट तुमच्या गावाला जोडलेली आहे. नागपूरचे पहिले रघूजी भोसले कर्नाटकच्या मोहिमेवर गेले, १७४१ साली त्यांनी तिरुचिरापल्ली घेतली, ते राखणाऱ्या चंदासाहेबाला कैद केलं आणि ते ठाणं सांभाळायला मुराररावांना बसवलं. पुढे १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात इंग्रजांच्या क्लाइव्हच्या मदतीला जे मराठे आले तेही मुराररावांचेच. चाळीसएक वर्षं हा माणूस दक्षिणेच्या राजकारणात असा उभा होता की निजाम, म्हैसूर, इंग्रज, फ्रेंच सगळ्यांना त्याला धरून चालावं लागायचं. शेवटी १७७६ साली हैदरअलीने गुत्तीला वेढा घातला. किल्ला लढाईत पडला नाही, वरचं पाणी संपलं म्हणून द्यावा लागला. मुरारराव कैदेतच गेले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. पानिपतावर शंभर लोक बोलतील, गुत्ती कुठे आहे विचारा, दहा जण सांगणार नाहीत.

किल्ल्याचा चढ तासाभराचा आहे, एकामागून एक दरवाजे लागतात, वर कड्याच्या अगदी टोकाला एक छोटा चुनेगच्ची मंडप आहे, मुरारराव तिथे बसायचे असं गावातले सांगतात. सावली नाही. पाणी खालूनच न्या, वर टाकी दिसतात पण प्यायचं नाही. सकाळी सहा-साडेसहाला चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या. एकट्याने जाऊ नका, मीही गेलो नव्हतो, पायथ्याच्या जुन्या वस्तीत सांगितलं की कोणीतरी सोबत येतं, त्याला चार पैसे द्या. गुत्तीपासून १३-१४ किलोमीटरवर येर्रागुडीला अशोकाचे शिलालेख आहेत, वेळ उरला तर तेही.

खाली उतरल्यावर गावात इंग्रजांचं छोटं कब्रस्तान आहे. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो १८२७ मध्ये याच भागात फिरतीवर असताना पटकीने वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं, नंतर मद्रासला नेलं.

दुसरी वाकडी वाट सुचवतो ती मोठी आहे. करूरला हायवे सोडायचा, तिरुचिरापल्लीवरून तंजावर. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला. ओळीच्या ओळी. घरापासून दीड हजार किलोमीटरवर हजार वर्षं जुन्या चोळांच्या देवळात आपण उभे आणि समोर आपली भाषा दगडावर, मला तिथे बोलता आलं नव्हतं. सरस्वती महाल ग्रंथालयही पाहा. तिथून पुदुकोट्टैवरून मदुराईला लागता येतं, म्हणजे मागे फिरायची गरज नाही. पण यासाठी अख्खा एक दिवस आणि एक रात्र बाजूला काढा, धावत जायची जागा नव्हे ती.

चारचाकी_अनघा

लिंबोणी, मी सहा वर्षं एकटी लांब चालवतेय, पुण्याहून चेन्नई, पुण्याहून कोणार्क, म्हणून बाईच्या बाजूने लिहिते.

तुझा भाऊ चुकत नाहीये, तो काळजी करतोय, फक्त त्याला वाटतं धोका हायवेच्या बाहेर आहे. माझा अनुभव असा की गावात शिरलं की लोक बघतात, आणि बघतात म्हणजे लक्षही ठेवतात. खरा धोका असतो तो दोन गावांच्या मधल्या रिकाम्या रस्त्यावर, संध्याकाळी. म्हणून माझा नियम अंतराचा नाही, घड्याळाचा आहे. दुपारी दोननंतर नवीन फाटा नाही. काहीही दिसू दे, उद्या सकाळी. दुसरं, अर्ध्याच्या खाली टाकी असेल तर आधी पंप, मग फाटा. तिसरं, आत ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने बाहेर यायचं, मोबाईलने जवळचा रस्ता दाखवला तरी.

हे तिसरं मी शिकले ती गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी चेन्नईला जाताना ताडिपत्रीत चहा पिताना एका बाईंनी बेलमच्या गुहा बघितल्या का विचारलं. मला माहीतही नव्हत्या. तीस-एक किलोमीटर म्हणाल्या, म्हटलं चला. नकाशाने एक आतला रस्ता दाखवला, अकरा किलोमीटर कमी. आठ-दहा मिनिटांत डांबर संपलं आणि दोन्ही बाजूला दगडाच्या खाणी सुरू झाल्या. पांढरी धूळ इतकी की दिवसा हेडलाइट लावले, समोरून फरश्या भरलेले ट्रक आणि रस्त्यावर तासलेल्या दगडाच्या कपच्या, सुरीसारख्या. त्यातली एक डाव्या मागच्या टायरच्या बाजूत घुसली. बाजूला फाटलेला टायर पंक्चरवाल्याच्याही कामाचा नसतो. मी जॅक काढेपर्यंत खाणीवरचे तिघे आले, तोंडाला फडकी बांधलेली, भुवया पांढऱ्या झालेल्या. एकाने नुसतं बाजूला सरकायला हाताने खुणावलं, एकाने चाकांना दगड लावले, पंधरा मिनिटांत स्टेपनी चढवली. पैसे घेतले नाहीत. मी पुढे जायला निघाले तर सगळ्यात वयस्कर माणूस गाडीसमोर उभाच राहिला आणि मागे बोट दाखवत राहिला, अम्मा, मेन रोडू, मेन रोडू. त्याचं ऐकलं आणि वळले.

त्या दिवशी गुहा झाल्या नाहीत. ताडिपत्रीला परत येऊन नवा टायर घेतला, तिथेच राहिले, पुढच्या रात्रीचं बुकिंग केलेलं नव्हतं म्हणून ते जमलं, नाहीतर मी संध्याकाळी त्या अवस्थेत दोनशे किलोमीटर पळाले असते. सकाळी मोठ्या रस्त्याने गेले आणि तासाभरात पोचले. बेलमची गुहा ३२२९ मीटर लांब आहे, त्यातली दीडएक किलोमीटर आपल्याला फिरता येते, पाण्याने चुनखडीत कोरलेले गुळगुळीत बोगदे, आत उकडतं, ओढणी घामाने चिंब होते, पण एका वळणावर सगळे पुढे गेले की जी शांतता असते ती मी अजून विसरले नाही. आणि येताना त्याच खाणी लांबून बघताना लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला आपण कडप्पा म्हणतो तो याच मुलखाचा दगड. आईचा ओटा मी वीस वर्षं पुसलाय, तो निघतो त्या गावच्या माणसांचे हात तेव्हा पाहिले.

बाकी बारीकसारीक. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेव. दोघांना लाइव्ह लोकेशन दे, एक घरचं आणि एक बाहेरचं माणूस, आणि फाट्यावर वळताना एक ओळ टाक, इथे वळतेय, एवढ्या वाजता परत हायवेला लागेन. ११२ आणि हायवेवरचा १०३३ दोन्ही नंबर सेव्ह कर. रस्ता विचारायचा तर औषधाच्या दुकानात, पंपावर किंवा बायका असतील तिथे. एकटीच का असं विचारलं तर भाऊ मागच्या गाडीत आहे म्हणायचं, ओशाळायचं काही कारण नाही. दोन शब्द पाठ कर, किल्ल्याला तेलुगूत कोटा, रस्त्याला दारी, तमिळमध्ये कोट्टै आणि वळी. तेवढ्यावर माणसं हात धरून नेतात.

रात्रपाळी

सगळ्यांनी छान लिहिलंय पण मी थोडं वेगळं बोलतो. मी एकोणीस वर्षं मालवाहतुकीत आहे, त्यातली अकरा स्वतः स्टिअरिंगवर. फाट्यात धोका नसतो, फाट्यानंतर असतो. तीन तास आत घालवले की माणूस ते तीन तास रात्री भरून काढायला बघतो. नेहमी ऐंशीने चालवणारा शंभरने चालवतो, जेवण टाळतो, अंधारात चालवतो. मी जे अपघात पाहिले त्यात बरेचदा हीच गोष्ट असायची, कुठेतरी उशीर झाला होता आणि तो भरून काढत होते.

म्हणून ताई, गेलेला वेळ गेला असं समजायचं. त्या दिवशीचा मुक्काम अलीकडे घ्यायचा, पुढच्या दिवसाचं बघू. एका दिवसात एकच फाटा, आणि सलग दोन दिवस फाटे घेतले तर तिसऱ्या दिवशी दुपारीच थांबून झोपायचं. एकट्या माणसाला थकवा कळत नाही, शेजारी कोणी नसतं सांगायला की तुझे डोळे मिटतायत.

दोन जागा लक्षात ठेवा. धर्मपुरी सोडून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट आहे, लांबच लांब उतार, अवजड गाड्यांचे ब्रेक तापतात, तिथे बरेच अपघात झालेत. खालच्या गिअरमध्ये उतरा, ट्रकच्या पुढे घुसून एकदम ब्रेक मारू नका, त्याला ते जमणार नाही. आणि तिरुनेलवेलीनंतर मुप्पंदलजवळ पवनचक्क्यांचं रान लागतं, डोंगराच्या खिंडीतून वारा आडवा येतो, हलकी गाडी ढकलली जाते, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. तिथे फोटो काढायचा तर सुरक्षित जागी पूर्ण बाहेर घेऊन थांबा, कडेला अर्धवट नको.

फास्टॅगमध्ये पैसे भरलेले असू द्या, जवळच्याजवळ चोवीस तासांत त्याच नाक्यावरून परत आलात तर दोन्ही वेळचा मिळून दीडपटच कापतात. वार्षिक पास असेल तर तो नॅशनल हायवेलाच चालतो, हैदराबादच्या रिंग रोडला नाही.

आणि तुमच्या बाबांना माझा नमस्कार. नाशवंत माल घेऊन त्या काळच्या दोन पदरी सात नंबरवर सव्वीस वर्षं, ते काम काय असतं ते मला माहीत आहे.

लिंबोणी

कोणाकोणाचे आभार मानू. काल रात्री सगळं बाबांना वाचून दाखवलं. रात्रपाळी दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. तोप्पूरचं ऐकून म्हणाले, बरोबर सांगतोय तो, तिथे आम्ही वरच थांबून चहा पिऊन, ब्रेक बघून मग उतरायचो.

ठरलं ते असं. हैदराबादच्या पहिल्या रात्रीचं आणि कन्याकुमारीचं बुकिंग ठेवलं, बाकी काढून टाकलं. कन्याकुमारीला तीन दिवस. दोनची वेळ लिहून डॅशबोर्डवर चिकटवली आहे. भावाला लाइव्ह लोकेशन देणार म्हटल्यावर तो शांत झाला. गुत्ती नक्की. तंजावर जाताना जमलं नाही तर येताना. वही घेतली आहे.

लिंबोणी

मंडळी, अनंतपूरहून लिहितेय, निघून चौथा दिवस. खरं तर मी आज बंगलोरला असायला हवी होते.

आलमपूरला परवा दुपारी गेले. तासाभरात निघणार होते, जाम चौरस्तावाल्या दादांसारखंच झालं, त्या दगडी जाळ्यांसमोरून हलवेना. कर्नूलला राहिले. काल पहाटे निघून साडेसहाला गुत्तीच्या पायथ्याशी. चहाच्या टपरीवर गाडी लावू का विचारलं, त्या मावशींनी आपल्या दिराला हाक मारली, ते पन्नाशीचे, शेळ्या घेऊन रोज वर जातात. आधी शेळ्या, मग ते, मग मी, असे चढलो. पायऱ्या जागोजागी ढासळल्यात, दगड पायांनी झिजून चकाकतात, हाताचा आधार घेतला की खडक तेव्हाही कोमट लागत होता, रात्रीची ऊब असावी. दुसऱ्या दरवाजानंतर मला धाप लागली, ते थांबले, काही न बोलता माझी पाण्याची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले.

त्या मंडपात पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. खाली सगळं गाव, रेल्वेचे रूळ, आणि लांबवर हायवे. ट्रक आवाजाशिवाय सरकत होते. बाबांना व्हिडिओ कॉल लागेना म्हणून साधा फोन लावला. मी म्हटलं बाबा, वर आहे. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, गाड्या दिसतात का. म्हटलं दिसतात. कोणत्या बाजूने जास्त आहेत. मी मोजून सांगितलं, बंगलोरकडे जाणाऱ्या जास्त. मग म्हणाले, तिथे एक वळण होतं, वळण संपलं की डोंगर एकदम समोर यायचा, बघ आहे का. रस्ता आता चौपदरी आहे, तेच वळण की दुसरं मला सांगता येईना, पण एका जागी गाड्या डावीकडे वळून आमच्याकडे तोंड करत होत्या आणि सूर्य थेट त्यांच्या काचांवर पडत होता, एक काच चमकायची, विझायची, मग मागची. मी ते सांगितलं. बाबा म्हणाले, तेच. मग म्हणाले, बस थोडी तिथे, उतरायची घाई करू नको. आम्हाला कायम लवकर निघ, लवकर निघ म्हणणारा माणूस.

दहाला खाली आले, मावशींनी पैसे घ्यायला नाही म्हटलं, दिरांनी घेतले, बरं वाटलं. पायांचे तुकडे पडले होते म्हणून पुढे फक्त अनंतपूरपर्यंत आले आणि दुपारी झोपून गेले, रात्रपाळी दादा म्हणाले तसं. आजचा दिवसही इथेच काढला, कपडे धुतले, वही लिहिली.

आता एक विचारायचंय. दप्तरखाना, तुम्ही येर्रागुडीचं लिहिलं होतं. उद्या सकाळी पन्नास किलोमीटर मागे जाऊन ते बघून मग दक्षिणेला लागावं असं फार वाटतंय. शिलालेख खडकावर आहेत म्हणता, मला लिपी येत नाही, तरी कळेल का काही? आणि वळायचं कुठे?

दप्तरखाना

तुमचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो होतो. बाबांना माझाही नमस्कार.

जा नक्की. गुत्तीहून पत्तिकोंड्याच्या रस्त्याला लागायचं, १३-१४ किलोमीटरवर रस्त्यालगतच मोठ्या शिळांची टेकडी आहे, गावात अशोका म्हटलं की दाखवतात. नऊच्या आत पोचा, ऊन तिरपं असेल तोवरच अक्षरं उठून दिसतात, डोक्यावर आलं की खडक नुसता तपकिरी दिसतो. लिपी येत नसली तरी एक गोष्ट बघता येईल. तिथल्या छोट्या लेखातल्या काही ओळी डावीकडून उजवीकडे आणि काही उजवीकडून डावीकडे कोरल्यात, शेतात औत तासाच्या टोकाला वळून परत येतं तशा. एका ओळीवर बोट धरून खडकाला न लावता हवेतच सरकवत जा, कोणत्या ओळीत अक्षरं उलटी तोंडं करून उभी आहेत ते दिसेल. टाकी अनंतपूरलाच भरून घ्या.